कॉक्लिअर इम्प्लांटसाठी मूल्यमापन : चाचण्या, भाषा आणि निर्णय याविषयी माहिती हवी आहे

मयेची_शिक्षिका

सर्वांना नमस्कार. गोव्यातील डिचोली तालुक्यातल्या मराठी प्राथमिक शाळांत नोकरी करून मी काही वर्षांपूर्वी निवृत्त झाले. चाळिशीत कमी ऐकू येऊ लागले, तेव्हापासून दोन्ही कानांना श्रवणयंत्रे आहेत. अलीकडे मात्र यंत्राचा आवाज वाढवूनही उपयोग होईनासा झाला आहे. कोणीतरी बोलत आहे हे कळते, आवाज बाईचा की पुरुषाचा तेही कळते, पण शब्द लागत नाहीत. ‘पान’, ‘कान’ आणि ‘ठाण’ माझ्या कानाला सारखेच वाटतात. ओठ दिसत असले तर अंदाज बांधता येतो. फोनवर तो आधारही राहत नाही, म्हणून फोन घेणे मी जवळजवळ सोडून दिले आहे.

नव्या ऑडिओग्राममध्ये, म्हणजे श्रवणचाचणीच्या आलेखात, उजव्या कानाची सरासरी ७८ डेसिबल आणि डाव्या कानाची ९६ डेसिबल आली आहे. डावा कान अनेक वर्षे मागे पडत गेला आणि त्यातले यंत्र आता मी बहुतेक वेळा काढूनच ठेवते. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी कॉक्लिअर इम्प्लांटसाठी, म्हणजे शस्त्रक्रियेने आतल्या कानात बसवायच्या श्रवण-उपकरणासाठी, मूल्यमापन करून घ्यावे असे सुचवले आणि चिठ्ठीवर बऱ्याच चाचण्या लिहून दिल्या. परंतु कोणती चाचणी कशासाठी आणि तिच्या निकालावरून काय ठरते, हे विचारण्याइतका वेळ तेथे मिळाला नाही.

दोन गोष्टींची मला विशेष काळजी वाटते. पूर्वी एका केंद्रात माझी शब्दचाचणी इंग्रजी शब्द ऐकवून घेतली गेली होती आणि तोच कागद आजही माझ्या फाइलमध्ये आहे. माझे सारे आयुष्य मराठी आणि कोकणी बोलण्यात गेले. इंग्रजी शब्दांवरून माझ्या कानाची पारख कशी व्हावी? दुसरी गोष्ट भजनाची. मी गावच्या महिला भजनी मंडळात गाते. इम्प्लांटनंतर बोलणे कळू लागेल पण गाणे हरवेल असे कोणीतरी सांगितले आणि तेव्हापासून मन अस्थिर झाले आहे. ज्यांनी हा मार्ग पाहिला आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

श्रवणतज्ज्ञ_फोंडा

ताई, मी ऑडिऑलॉजिस्ट आहे. तुमची फाइल न पाहता तुमच्याविषयी मत देणे योग्य होणार नाही, म्हणून मूल्यमापन कसे चालते तेवढेच लिहितो.

सुरुवात नेहमीच्या शुद्धस्वर चाचणीने होते. ती हवेतून आणि कानामागच्या हाडातून अशी दोन्ही प्रकारे केली जाते, कारण दोष मधल्या कानात आहे की आतल्या कानात हे त्यावरून कळते. ओटोस्क्लेरोसिससारख्या आजारात मधल्या कानातले रिकिबीचे हाड घट्ट होते आणि तेथे वेगळ्या, छोट्या शस्त्रक्रियेनेही लाभ होऊ शकतो. इम्प्लांटचा विचार करण्यापूर्वी ही शक्यता तपासलीच पाहिजे. टिम्पॅनोमेट्रीने पडद्याची हालचाल आणि मधल्या कानातला दाब पाहतात. बेरा चाचणीत डोक्याला इलेक्ट्रोड लावून, आवाजाला नस आणि मेंदूचा खालचा भाग कसा प्रतिसाद देतात ते नोंदवले जाते. लहान मुलांत ही चाचणी फार महत्त्वाची असते, कारण ती स्वतः सांगू शकत नाहीत. मोठ्या माणसांत ती बाकीच्या निकालांशी ताळा जुळवण्यासाठी घेतात.

मूल्यमापनाचा गाभा मात्र श्रवणयंत्र लावून घेतलेली शब्दांची आणि वाक्यांची चाचणी हाच आहे. तुम्हाला एका बंद खोलीत ध्वनिक्षेपकासमोर बसवतील आणि साधारण संभाषणाच्या पातळीवर, म्हणजे ६० ते ६५ डेसिबलच्या आसपास, शब्द ऐकवतील. प्रत्येक कान स्वतंत्रपणे आणि नंतर दोन्ही कान मिळून, आधी शांततेत आणि मग पार्श्वभूमीच्या गोंगाटात, असे तिचे टप्पे असतात. ऑडिओग्राम सांगतो की आवाज किती मोठा झाला म्हणजे तुम्हाला जाणवतो; जाणवलेल्या आवाजातून अर्थ किती उरतो, हे फक्त या शब्दचाचणीतून कळते. ७८ डेसिबलचा ऑडिओग्राम असलेली दोन माणसे असू शकतात आणि त्यांतल्या एकाला यंत्राने सत्तर टक्के शब्द कळतील, तर दुसऱ्याला वीस. इम्प्लांटचा निर्णय या दोघांसाठी एक असू शकत नाही.

म्हणून दोन आग्रह धरा. पहिला असा की चाचणीआधी तुमची श्रवणयंत्रे सध्याच्या ऑडिओग्रामप्रमाणे नव्याने जुळवून घ्यावीत आणि शक्य असेल तेथे कानात बारीक नळी घालून पडद्याजवळ पोहोचणारा आवाज प्रत्यक्ष मोजावा. अपुऱ्या जुळवलेल्या यंत्राने घेतलेली चाचणी इम्प्लांटची गरज असल्यापेक्षा जास्त दाखवते, आणि त्यावरून शस्त्रक्रियेचा निर्णय होणे योग्य नाही. दुसरा आग्रह भाषेचा. तुमची शंका अगदी रास्त आहे. शब्दचाचणी माणसाच्या रोजच्या भाषेत, ध्वनींचे प्रमाण सांभाळून तयार केलेल्या यादीवर आणि शक्यतो ध्वनिमुद्रित आवाजात व्हावी. मराठीसाठी अशा याद्या आहेत. त्या मिळाल्या नाहीत आणि तपासणाऱ्यानेच शब्द वाचले, तर त्याचे ओठ झाकलेले असावेत. अन्यथा आपण कानाची नव्हे, डोळ्यांची परीक्षा घेतो. इंग्रजी यादीवर आलेले तुमचे जुने गुण निर्णयासाठी धरू नयेत, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

निकष देशागणिक आणि काळागणिक बदलत आले आहेत. उपचारांविषयी शिफारशी करणाऱ्या ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ मध्ये घातलेली अट अशी होती की २००० आणि ४००० हर्ट्झवर ९० डेसिबलपेक्षा मोठेच आवाज ऐकू आले पाहिजेत. २०१९ मध्ये ती सैल करून ठरलेल्या पाचपैकी दोन किंवा अधिक वारंवारतांवर ८० डेसिबल आणि यंत्र लावून शब्दांतील ध्वनी ओळखण्याचे गुण ५० टक्क्यांपेक्षा कमी, अशी केली गेली. अमेरिकेतही मेडिकेअर या सरकारी आरोग्यविम्याने २०२२ मध्ये वाक्यचाचणीची मर्यादा ४० वरून ६० टक्क्यांवर नेली. पूर्वी ‘तुम्ही पुरेसे बहिरे नाही’ असे ऐकून परत आलेल्यांनी पुन्हा एकदा तपासून घ्यावे, असे मी म्हणतो ते या बदलांमुळेच.

काणकोणकर

मला इम्प्लांट बसवून काही वर्षे झाली आहेत. क्षयरोगावरच्या इंजेक्शनांनी माझे दोन्ही कान गेले. स्ट्रेप्टोमायसिनसारखी औषधे आतल्या कानातल्या, आवाज टिपणाऱ्या केशपेशींना इजा करू शकतात, हे मला कान गेल्यानंतर कळले. ती हानी भरून येत नाही आणि श्रवणयंत्र कितीही मोठे केले तरी आवाज पोहोचण्यासाठी केशपेशीच नसल्या तर त्याचा उपयोग मर्यादित राहतो. इम्प्लांट या पेशींना वगळून थेट नसेला विजेचे स्पंद देते. बाहेर कानामागे मायक्रोफोन आणि प्रोसेसर असतो, चुंबकाने चिकटणारी कॉइल कातडीतून संकेत आत पाठवते, आणि आतल्या भागाला जोडलेली इलेक्ट्रोडची बारीक तार कॉक्लिआच्या, म्हणजे आतल्या कानातल्या शंखासारख्या नळीच्या, वेटोळ्यात सरकवलेली असते.

ताई, मूल्यमापनात माझा सर्वांत जास्त वेळ यंत्रांसमोर न जाता बोलण्यात गेला, आणि मला तोच भाग मोलाचा वाटतो. किती वर्षे ऐकू येत नाही, घरात कोण आहे, रोज कोणाशी बोलता, सरावाला वेळ देणार का, इम्प्लांटकडून तुमची अपेक्षा काय, असे सारे त्यांनी विचारले. फोनवर बोलता यावे असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी ते होईलच असे वचन दिले नाही. पहिल्या दिवशी माणसांचे आवाज किणकिणाटासारखे किंवा यंत्रातून आल्यासारखे लागतील, मेंदूला ते बोलणे म्हणून ओळखायला आठवडे आणि महिने लागतील, आणि त्या काळात तुम्ही रोज सराव केला नाही तर शस्त्रक्रिया चांगली होऊनही फळ कमी मिळेल, असे त्यांनी आधीच सांगितले. माझ्या बाबतीत नेमके तसेच घडले. सुरुवातीला बायकोचा आवाजही ओळखू येत नव्हता. मुलगी रोज संध्याकाळी ‘नवप्रभा’तला एखादा मजकूर सावकाश वाचायची आणि मी डोळ्यांनी ओळी पाहत ऐकायचो, नंतर कागद बाजूला ठेवून ऐकू लागलो. आज ओळखीच्या माणसांशी फोनवर बोलतो. अनोळखी माणसाशी, विशेषतः बाजारात किंवा कदंबच्या बसमध्ये, अजूनही कठीण जाते.

वाळपईची_आई

मी थोडी वेगळी बाजू मांडते. माझ्या लेकीला मेनिंजायटिस (मेंदूच्या आवरणाचा दाह) झाला होता आणि त्यातून ती बरी झाली, पण ऐकणे गेले. त्या वेळी डॉक्टरांनी आम्हाला एक गोष्ट निक्षून सांगितली : मेनिंजायटिसनंतर कॉक्लिआच्या आत हाड तयार होऊ लागते आणि ते पूर्ण भरले तर इलेक्ट्रोड आत जाण्याची वाटच बंद होते, म्हणून या एका कारणासाठी मूल्यमापन लांबणीवर टाकू नये. सीटी स्कॅन आणि एमआरआय तातडीने झाले आणि शस्त्रक्रियाही लवकर झाली. ज्यांच्या घरात असा आजार झाला आहे त्यांनी तापातून मूल उठताच ऐकण्याची तपासणी करून घ्यावी, हे मी कळकळीने सांगते.

खर्चाविषयी. इम्प्लांटचे उपकरणच काही लाख रुपयांना पडते आणि दर्जाप्रमाणे ती रक्कम वाढत जाते. दिव्यांगांना साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेतून लहान मुलांना इम्प्लांट मिळते आणि त्यासाठी मुंबईच्या वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्था ही मध्यवर्ती संस्था आहे. ताईंसारख्या निवृत्त माणसाला त्या योजनेचा उपयोग होणार नाही. आपल्या राज्यातील दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचे कार्ड असेल तर तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांची मर्यादा असते. आपली शस्त्रक्रिया आणि उपकरण त्यात किती बसते ते रुग्णालयातील योजनेच्या कक्षात लेखी घ्यावे, तोंडी उत्तरावर पुढचे पाऊल टाकू नये. आणखी एक. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे दोन्ही कानांत बोलण्याच्या वारंवारतांवर ७० डेसिबल किंवा अधिक हानी असेल तर ती व्यक्ती कर्णबधिर धरली जाते. ताईंचे दोन्ही आकडे त्यापलीकडे आहेत, तेव्हा त्यांनी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आणि यूडीआयडी हे दिव्यांगांचे ओळखपत्र काढून घ्यावे.

पेडण्याचा_वाचक

सर्वांचे लिखाण उत्साह देणारे आहे. तरीही सावधगिरीचे दोन शब्द लिहिणे मला आवश्यक वाटते. माझ्या थोरल्या भावाचे मूल्यमापन झाले, तो पात्रही ठरला, आणि सर्व समजून घेतल्यावर त्याने शस्त्रक्रिया न करण्याचे ठरवले. ज्या कानात इलेक्ट्रोड घालतात त्या कानात उरलेले नैसर्गिक ऐकणे शस्त्रक्रियेनंतर टिकेलच अशी खात्री कोणी देत नाही. अलीकडे मऊ, बारीक इलेक्ट्रोड आणि हळुवार पद्धत यांमुळे ते वाचवण्याचे प्रमाण सुधारले आहे, पण गेले तर ते परत येत नाही. भावाला यंत्राने घरातले बोलणे बऱ्यापैकी कळते, त्याच्या गोंगाटाच्या अडचणीवर इम्प्लांटने किती फरक पडेल हे त्याला पटेनासे झाले, आणि त्याने थांबायचे ठरवले. डॉक्टरांनीही त्याला दरवर्षी तपासणीला येण्यास सांगून निर्णयाचा मान राखला.

ताईंच्या उजव्या कानात अजून बरेच ऐकणे शिल्लक आहे. त्यांनी कोणता कान निवडायचा हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

श्रवणतज्ज्ञ_फोंडा

पेडण्याच्या वाचकांनी मांडलेला मुद्दा महत्त्वाचा आहे आणि पात्र ठरणे म्हणजे शस्त्रक्रिया करणे बंधनकारक होणे नव्हे, हेही खरे. कान निवडताना पुष्कळ गोष्टी एकमेकींना छेद देतात. ज्या कानाने दीर्घकाळ काहीच ऐकलेले नाही तेथे मेंदूला ध्वनीची सवय सुटलेली असते आणि फळ मंद मिळते. उलट, जो कान आज काम करत आहे तो हातचा घालवण्याचे धाडस कोणालाच नको असते. प्रौढांत पुष्कळदा कमकुवत कान निवडतात आणि चांगल्या कानात श्रवणयंत्र कायम ठेवतात. डाव्या कानात ताईंनी बरीच वर्षे यंत्र वापरले आणि अलीकडेच सोडले, ही गोष्ट त्यांच्या बाजूने जाते. मूल्यमापन पुरे होईपर्यंत ते यंत्र रोज काही तास पुन्हा वापरावे, अशी माझी विनंती आहे.

एमआरआयबद्दल विचारले गेले नव्हते तरी लिहितो. कॉक्लिआ व्यवस्थित घडलेला आहे का, त्यात द्रव आहे की हाड किंवा तंतू भरले आहेत, आणि मुख्य म्हणजे श्रवणाची नस जागेवर आणि पुरेशी जाड आहे का, हे सीटी आणि एमआरआय मिळून सांगतात. इम्प्लांट बसल्यानंतर पुढे कधी एमआरआय लागला तर आतल्या चुंबकामुळे अटी येतात. काही जुन्या उपकरणांत चुंबक काढावा लागतो, नव्या काही उपकरणांत ३ टेस्लापर्यंत तो न काढता चालतो. पाठीचे किंवा मेंदूचे जुने दुखणे ज्यांना आहे त्यांनी उपकरण निवडताना ही बाब विचारून घ्यावी. चक्कर येण्याचा इतिहास असेल तर तोल सांभाळणाऱ्या भागाचीही चाचणी होते, कारण तो भाग कॉक्लिआला लागूनच आहे आणि शस्त्रक्रियेनंतर काहींना काही काळ तोल जाण्याचा त्रास होतो. चेहऱ्याची नस जवळून जाते, तिच्यावर शस्त्रक्रियेत यंत्राने लक्ष ठेवले जाते आणि तिला इजा होणे क्वचित घडते. चवीत बदल मात्र काही रुग्ण सांगतात. हे सर्व ऐकून घाबरू नये, पण लेखी संमती देण्यापूर्वी विचारावे.

मयेची_शिक्षिका

सर्वांचे मनापासून आभार. तुमच्या उत्तरांनंतर मी चिठ्ठी घेऊन पुन्हा गेले आणि भाषेचा मुद्दा ठामपणे मांडला. तपासणाऱ्या मुलीने तो समजून घेतला, मराठी शब्दांची ध्वनिमुद्रित यादी मिळवली आणि त्याआधी माझी दोन्ही यंत्रे नव्याने जुळवून दिली. उजव्या कानाला यंत्रासह ४२ टक्के शब्द कळले, डाव्याला ८ टक्के, आणि दोन्ही मिळून ४६ टक्के. गोंगाटात मात्र दोन्ही मिळूनही फारच थोडे हाती लागले. जुन्या इंग्रजी चाचणीत उजव्या कानाला १४ टक्के होते. याचा अर्थ यंत्रांच्या जुळवणीने आणि भाषेने मिळून माझे चित्र पुष्कळ बदलले, आणि तरीही ते इम्प्लांटचा विचार करण्याजोगेच राहिले. सीटी स्कॅनमध्ये दोन्ही बाजूंची रचना चांगली असल्याचे सांगितले. एमआरआय अजून व्हायचा आहे.

आता भजनाविषयी कोणी लिहील का? माझ्यासाठी तो गौण प्रश्न नाही. श्रावणात, चतुर्थीत आणि सप्ताहात आमच्या घरांत आणि देवळांत जो आवाज भरलेला असतो, त्यात माझे सारे नातेगोते आहे. उजव्या कानाने मला पेटीचा सूर अजून लागतो, वरचे स्वर निसटतात तरी आधार सापडतो.

काणकोणकर

ताई, हा प्रश्न विचारलात हे फार बरे केलेत, कारण मूल्यमापनात तो बहुधा कोणी आपण होऊन काढत नाही. निरोगी आतल्या कानात सुमारे साडेतीन हजार आतल्या केशपेशी असतात आणि इम्प्लांटमध्ये उपकरणाप्रमाणे १२ ते २२ इलेक्ट्रोड असतात. बोलणे समजायला तेवढे पुरते, कारण बोलण्यात आवाजाच्या जोराचा चढउतार आणि ठेका यांतून पुष्कळ अर्थ मिळतो. स्वर ओळखायला ते पुरत नाही. पेटीची एकेक पट्टी दाबण्याऐवजी तळहाताने चार-पाच पट्ट्या एकदम दाबल्या तर जसे वाजेल, तसे मला सुरुवातीला सारे सूर लागत होते. मात्र ताल अगदी नीट कळतो. चतुर्थीत घुमट, शामेळ आणि कांसाळे ही वाद्ये सुरू झाली की त्यांचा ठेका मला पहिल्या वर्षापासून स्पष्ट ऐकू येतो आणि त्यावर मी टाळ धरू शकतो.

ज्या अभंगांचे शब्द आणि चाल मला आधीच पाठ आहेत, ते आता मला चाल म्हणून ऐकू येतात; मेंदू आठवणीतून उरलेले भरून काढतो असे मला समजावून सांगितले होते आणि माझा अनुभव त्याला जुळतो. नवी चाल मात्र केवळ ऐकून उचलता येत नाही. तुमची गोष्ट माझ्यापेक्षा वेगळी आहे, कारण माझे दोन्ही कान पूर्ण गेले होते आणि तुमच्या उजव्या कानात खालच्या पट्टीतले नैसर्गिक ऐकणे शिल्लक आहे. डाव्या कानात इम्प्लांट आणि उजव्यात श्रवणयंत्र अशी जोडी ठेवली तर शब्द एका बाजूने आणि सूर दुसऱ्या बाजूने येऊन मिळतात, असे अशा जोडीचे माझ्या ओळखीतले लोक सांगतात. म्हणून उजवा कान राखण्याचा आग्रह धरा, आणि ‘मी भजन गाते’ हे वाक्य फाइलमध्ये लिहून घ्या.

श्रवणतज्ज्ञ_फोंडा

काणकोणकरांच्या शेवटच्या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन आहे. संगीत ही रुग्णाची गरज म्हणून नोंदली गेली की कोणता कान, किती लांबीचा इलेक्ट्रोड आणि नंतरचे मॅपिंग (इलेक्ट्रोडच्या पातळ्या रुग्णाप्रमाणे जुळवणे) कसे, यावर चमू वेगळ्या नजरेने विचार करतो. एका कानात इम्प्लांट आणि दुसऱ्यात श्रवणयंत्र या पद्धतीला बायमोडल म्हणतात आणि खालच्या वारंवारता ज्यांना नैसर्गिकपणे ऐकू येतात त्यांना सूर ओळखण्यात आणि गोंगाटात तिचा फायदा होतो. मात्र दोन्ही उपकरणे एकमेकांशी जुळवावी लागतात, तेव्हा केंद्र निवडताना ही सोय तेथे आहे का ते विचारा.

केंद्राविषयी आणखी एक. शस्त्रक्रिया एकदाच होते, पण स्विच ऑन, म्हणजे उपकरण पहिल्यांदा सुरू करणे, त्यानंतर साधारण दोन ते चार आठवड्यांनी होते आणि पुढे पहिल्या वर्षात मॅपिंगसाठी अनेकदा जावे लागते. गोव्यातले काही रुग्ण बेळगाव, मणिपाल, पुणे किंवा मुंबईला जातात. पावसाळ्यात चोर्ला घाटातून वारंवार ये-जा करणे वयस्क माणसाला सोपे नाही. शस्त्रक्रिया कोठेही झाली तरी मॅपिंग आणि श्रवणप्रशिक्षण घराजवळ कोण करील, हे आधी ठरवा. प्रशिक्षण मराठीत किंवा कोकणीत देणारी व्यक्ती मिळाली तर त्याला मी उपकरणाच्या दर्जाइतकेच वजन देईन.

वाळपईची_आई

सत्तरी तालुक्यातल्या पावसाचा अनुभव म्हणून लिहिते. दमट हवेत प्रोसेसर आणि कॉइल यांची फार निगा ठेवावी लागते. आम्ही रात्री दोन्ही वस्तू कोरड्या डब्यात ठेवतो. त्यातल्या शोषक गोळ्यांचा रंग बदलला की त्या बदलाव्या लागतात, आणि विजेवर चालणारा सुकवण्याचा डबा मिळाला तर अधिक चांगला. झिंक-एअर बॅटरी हवेवर चालतात, त्यामुळे झाकणाची बारीक छिद्रे घामाने आणि धुळीने बुजू देऊ नयेत. जून ते सप्टेंबर वीज जात असते, म्हणून चार्ज होणाऱ्या बॅटरीबरोबर एकदा वापरून टाकायच्या बॅटरीची सोय असलेले उपकरण आम्ही निवडले. मूल्यमापनाच्या वेळीच प्रत्येक नमुना हातात घेऊन पाहावा आणि बॅटरीचे झाकण स्वतःच्या बोटांनी उघडता येते का ते तपासावे.

पेडण्याचा_वाचक

ताईंचे मराठी चाचणीचे निकाल वाचून मला माझे मत थोडे बदलावेसे वाटते. डाव्या कानाचे ८ टक्के पाहता तेथे गमावण्यासारखे फार थोडे आहे आणि उजवा कान जसा आहे तसा राहणार असेल, तर माझ्या भावापेक्षा त्यांचा हिशेब निराळा आहे. तरीही लसीचा प्रश्न राहून गेला आहे असे वाटते. भावाला मूल्यमापनाच्या वेळीच न्यूमोकोकसची लस घेण्यास सांगितले होते.

श्रवणतज्ज्ञ_फोंडा

होय, ते लिहायचे राहिले. इम्प्लांट असलेल्यांना मेनिंजायटिसचा धोका सर्वसाधारण लोकांपेक्षा जास्त असतो, म्हणून न्यूमोकोकसविरुद्धची लस शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी पूर्ण झालेली असावी. कोणती लस आणि किती मात्रा हे वय आणि आधीच्या लसीकरणावरून ठरते, ते तुमचे डॉक्टर सांगतील. पुढे आयुष्यभर त्या बाजूच्या कानात दुखणे, ताप किंवा मान आखडणे असे काही झाले तर थांबून न राहता दवाखाना गाठायचा, हे घरच्यांनाही माहीत असू द्या.

मयेची_शिक्षिका

एमआरआयचा अहवाल आला. दोन्ही बाजूंची नस व्यवस्थित आहे. चमूने डाव्या कानाची शिफारस केली असून उजव्या कानातले यंत्र तसेच ठेवायचे आहे. भजनाची नोंद मी आग्रहाने फाइलमध्ये करवून घेतली. डाव्या कानातले यंत्र पुन्हा रोज वापरते आहे. त्यातून अर्थ फारसा लागत नाही, पण दाराची कडी आणि प्रेशर कुकरची शिट्टी डावीकडून येते हे जाणवू लागले आहे.

स्वास्थ्य कार्डाच्या कक्षातून लेखी उत्तर मागितले आहे आणि दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी अर्ज दिला आहे. लस पुढच्या आठवड्यात घेणार आहे. आता एकच विचारायचे उरले आहे : डिचोली, साखळी किंवा म्हापसा परिसरात प्रौढांना मराठीतून श्रवणप्रशिक्षण देणारे कोणी असल्यास कृपया मला निरोपातून कळवावे. माझी एक जुनी विद्यार्थिनी रोज तासभर वाचून दाखवायला तयार झाली आहे. तिने सरावाची सुरुवात कोणत्या शब्दांपासून करावी हेही श्रवणतज्ज्ञांनी सांगितले तर आम्ही शस्त्रक्रियेआधीच वही तयार करून ठेवू.

श्रवणतज्ज्ञ_फोंडा

वही जरूर करा. पहिल्या पानांवर लांबीने वेगळे असलेले शब्द घ्या, म्हणजे ‘घर’ आणि ‘नारळाचे झाड’ असे. ते ओळखू येऊ लागले की सारख्या लांबीचे पण वेगळ्या स्वरांचे, जसे ‘पाणी’ आणि ‘पोळी’. आणि ‘पान’, ‘कान’, ‘ठाण’ यांसारख्या जोड्या अगदी शेवटी. वाचणारीने तुमच्या डाव्या बाजूला, हातभर अंतरावर बसावे, तोंडापुढे कागद धरावा आणि आवाज न चढवता नेहमीच्या लयीत वाचावे. डाव्या कानाच्या सरावाच्या वेळी उजव्या कानातले यंत्र काढून ठेवायचे आहे. चुकलेला शब्द तिने लगेच ओठ दाखवून पुन्हा म्हणावा आणि मग ओठ झाकून एकदा. मॅपिंगच्या प्रत्येक भेटीला ती वही सोबत आणा. कोणते ध्वनी सतत चुकतात हे त्यातून दिसले की त्या इलेक्ट्रोडची पातळी बदलायची का, ते ठरवायला सोपे जाते.